पात्याची पाठ

मार्च महिन्यात नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि सामान हलवताना पोटमाळ्यावरून अण्णांची हत्यारांची पेटी खाली उतरली. अण्णा म्हणजे माझे वडील. ते वागळे इस्टेटमधल्या एका ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होते. ओतीव लोखंडाचा जो भाग बनवायचा त्याची लाकडी प्रतिकृती आधी करायची, तिच्याभोवती वाळू ठासायची, प्रतिकृती अलगद काढून घ्यायची आणि उरलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतायचे, या साखळीतले पहिले काम त्यांचे असे. त्यांना जाऊन सोळा वर्षे झाली; तेव्हापासून त्या पेटीची कडी कोणी काढलेली नव्हती. आत चार नंबरचा लोखंडी रंधा, पाचरीचा एक लाकडी रंधा, लाकूड कोरायच्या वेगवेगळ्या रुंदीच्या सात पटाश्या, पाठीवर पितळी पट्टी असलेली करवत, काटकोन तपासायचा गुण्या, एक पोलादी मोजपट्टी आणि झिजून मधोमध पोट पडलेला, म्हणजे खोलगट झालेला, धार लावायचा कार्बोरंडमचा दगड, एवढे सामान निघाले. ठाण्याचा दमटपणा आणि सोळा पावसाळे यांनी प्रत्येक लोखंडी वस्तूवर तांबूस पापुद्रा चढवला होता. पेटीच्या कोपऱ्यात कागदाची एक रिकामी पुडी होती. तिला कापराचा अंधूक वास अजून येत होता.

त्याच माळ्यावर गणपतीचा सागवानी चौरंग होता. त्याच्या एका पायाचे लाकूड किडीने पोखरले होते. तो पाय सागाच्या गाभ्यातला नसून बाहेरच्या पांढरट थरातला असावा, कारण उरलेल्या तीन पायांना किडीने तोंडही लावलेले नव्हते. पॉलिशही जागोजागी उडाले होते. एका सुताराला दाखवले तेव्हा त्याने, एवढ्या मजुरीत नवे दोन चौरंग येतील, असे सांगितले, आणि हिशेब म्हणून ते बरोबरच होते. मी आयुष्यभर हिशेब तपासण्याचीच नोकरी केली असल्यामुळे ते मला पटलेही. तरीही निवृत्तीनंतरचा वेळ हाताशी होता, हत्यारे घरात होती आणि गणपतीला पाच महिने होते, म्हणून पाय स्वतःच बसवायचा असे मी ठरवले. रंधा हातात धरण्याची ही माझी पहिलीच वेळ.

पहिली चूक मी पेटी उघडल्याच्या आठवड्यातच केली. सर्वांत रुंद, म्हणजे दीड इंची पटाशी घेऊन मी बाजारपेठेतल्या एका धारवाल्याकडे गेले. त्याने ती विजेवर फिरणाऱ्या चाकाला लावली, ठिणग्यांचा फवारा उडाला आणि दोन मिनिटांत चकचकीत धार माझ्या हातात आली. धारेच्या एका कोपऱ्यावर मोरपिसासारखा निळा डाग होता. तो मला त्या वेळी शोभेचाच वाटला. घरी येऊन एका फळीच्या तुकड्यावर चार घाव घातले, तर त्या कोपऱ्याची धार चक्क दुमडली.

त्या निळ्या रंगाचा अर्थ मला अण्णांच्या कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी सांगितला. किसननगरमध्ये राहणारे हे काका आता ऐंशीच्या पुढचे आहेत. हात किंचित थरथरतो, पण दृष्टी लख्ख आहे. मी पिशवीतून पटाशी काढली, ती त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "ही जळली गं."

पटाशीचे पोलाद आधी लाल तापवून बुडवलेले असते, त्यामुळे ते काचेसारखे कठीण आणि ठिसूळ होते. मग त्याला पुन्हा साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत ऊब देऊन थोडा चिवटपणा आणलेला असतो. तापमान त्याच्या पुढे गेले की कठीणपणा उतरू लागतो, आणि ३०० अंशांच्या आसपास पृष्ठभागावर तो निळा रंग दिसतो. धारेजवळ धातू कागदासारखा पातळ असल्यामुळे वेगाने फिरणाऱ्या चाकावर तो क्षणात तापतो. रंग घासून काढता येतो, पण गेलेला कठीणपणा त्याने परत येत नाही. तेवढा भाग झिजवून मागे सरणे एवढाच उपाय घरी उरतो. चाक वापरायचेच असेल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाते पाण्यात बुडवावे आणि ते बोटांना सोसवत नसेल तर आधीच उशीर झाला असे समजावे, हे काकांनी सांगितले. "पण तुला चाक कशाला हवंय? तुला कुठे कारखाना चालवायचाय?" असेही वर म्हणाले.

मग त्यांनी मला विचारले, "धार कुठे असते ते दाखव बघू." मी अर्थातच पात्याच्या टोकाला तिरप्या घासलेल्या उतारावर बोट ठेवले. "अर्धंच सांगितलंस," काका म्हणाले, आणि पटाशी उलटी करून तिची सपाट पाठ माझ्यासमोर धरली. उतार आणि पाठ हे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ म्हणजे धार. दोहोंपैकी एक खडबडीत असेल तर दुसरा आरशासारखा करूनही ती रेघ करवतीसारखी दातेरीच राहणार. आमच्या पात्यांच्या पाठीवर गंजाने खड्डे पाडले होते, आणि मी मात्र उताराकडेच पाहत बसले होते. पुढचे तीन महिने मी जे काही केले त्यातला निम्म्याहून अधिक वेळ या पाठीवर गेला.

गंज काढण्याचे काम मात्र अपेक्षेपेक्षा सोपे निघाले. पटाश्यांच्या लाकडी मुठी काढून ठेवल्या, एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, विरघळवले आणि पाती त्यात रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी गंज काळसर गाळासारखा सुटला होता. जुन्या दात घासायच्या ब्रशने तो निघाला. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यातून पाती खंगाळली, लगेच कोरडी पुसली आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवला. हे 'लगेच' महत्त्वाचे आहे, कारण मी एक पटाशी फोन घेण्यासाठी ओली ठेवून गेले आणि वीस मिनिटांत तिच्यावर नारिंगी झाक आली. खाद्यतेल लावू नये असे काकांनी बजावले होते. ते काही महिन्यांत चिकट होते आणि धूळ धरते.

पाठ सपाट करण्यासाठी आधी सपाट जागा हवी. अण्णांच्या दगडाला मधे इतके पोट होते की त्यावर घासलेले पाते नक्कीच फुगीर झाले असते. मी काचेच्या दुकानातून १२ मिलिमीटर जाडीचा एक फूट रुंद आणि दोन फूट लांब तुकडा कडा घासून आणला. आजची खिडकीची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून तयार करतात, त्यामुळे ती जात्याच सपाट असते, आणि जाड असली की वाकत नाही. रंगाच्या दुकानातून वॉटर पेपर आणले: १५०, २२०, ४००, ८००, १५०० आणि २००० नंबरचे. कागद पाण्यात भिजवून काचेवर पसरला की तो आपोआप चिकटून बसतो. ओट्याच्या कडेला काच ठेवून, खाली ओले फडके अंथरून मी सुरुवात केली.

एक इंची पटाशीच्या पाठीवर मी मार्करने तिरप्या निळ्या रेघा ओढल्या आणि पाते पाठीवर निजवून, दोन बोटांनी धारेमागे दाबून, कागदावर दहा वेळा पुढेमागे सरकवले. उचलून पाहिले तर दोन्ही कडांजवळच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या आणि मधल्या तशाच होत्या, म्हणजे पाठ मधे खोलगट होती. हे बरे लक्षण असते. पाठ मधे फुगीर असती तर पाते काचेवर डुलले असते आणि काम कितीतरी अवघड झाले असते. पुन्हा रेघा, पुन्हा दहा हेलपाटे. तासाभराने चमकणारी पट्टी कडांवरून आत सरकू लागली. पूर्ण पाठ सपाट करण्याची गरज नसते. धारेमागचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग पुरतो. पण त्या भागात गंजाचा एकही खड्डा धारेला टेकलेला चालत नाही, कारण तिथे धारेला तेवढाच तुटका दात पडतो. या पटाशीला १५० नंबरवर तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या संध्याकाळी मी पुढच्या नंबरांवर गेले, आणि तिथे प्रत्येक कागदावर पाच-सात मिनिटेच लागली, कारण प्रत्येक बारीक कागदाला आधीच्या कागदाचे ओरखडे पुसण्याएवढेच काम असते. २००० नंबरनंतर पाठीत मला ओट्यावरच्या बरणीचे झाकण दिसू लागले.

या टप्प्यावर हात घाई करू पाहतात. मी दुसऱ्या पटाशीला १५० वरून थेट ८०० वर उडी मारली, आणि अर्धा तास घासूनही खोल ओरखडे तसेच राहिले. शेवटी परत २२० वर यावे लागले. दुसरी सवय अधिक घातक आहे: पाठ घासताना मूठ नकळत वर उचलली जाते आणि धारेजवळ पाठीलाच सूक्ष्म उतार पडतो. तसे एकदा झाले की आधीची सारी मेहनत पाण्यात जाते. काकांनी यावर सांगितलेला उपाय असा, की बोटे मुठीवर ठेवायचीच नाहीत. दाब नेहमी पात्याच्या मध्यावर द्यायचा आणि दुसऱ्या हाताने ते केवळ सरकवायचे.

मधल्या काळात अण्णांचा दगडही दुरुस्त झाला. तो आठ दिवस रॉकेलच्या डब्यात पडला होता, जेणेकरून वर्षानुवर्षे मुरलेले तेल आणि मळ सुटावा. मग काचेवर कार्बोरंडमची भरड भुकटी आणि पाणी घेऊन दगड उलटा घासला. पेन्सिलीने आखलेली चौकट मध्यभागी पुसली जाईपर्यंत घासत राहायचे, इतका साधा मापदंड. पोट भरून यायला दोन दुपारी गेल्या. दगडाच्या एका बाजूला भरड आणि दुसरीला बारीक दाणा आहे. उताराचे काम आता मी त्याच्यावरच करते.

उताराचा कोन मोजायला मी शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक काढला, तेव्हा काका हसले. पात्याची जाडी मोजायची आणि उताराची लांबी मोजायची: लांबी जाडीच्या बरोबर दुप्पट असेल तर कोन ३० अंश, आणि जाडीच्या अडीचपटीला थोडी कमी असेल तर २५ अंश. तीन मिलिमीटर जाड पटाशीला सहा मिलिमीटरचा उतार म्हणजे ३० अंश, सात मिलिमीटरचा म्हणजे २५. हाताने दाबून लाकूड सोलायचे असेल तर २५ बरे. हातोड्याने ठोकून खाच पाडायची असेल तर ३०, कारण बारीक धार ठोक्याखाली मोडते. सागवानाचा प्रश्न थोडा निराळा आहे. सागाच्या लाकडात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात आणि ते धार लवकर बोथट करतात. लाकूड कापायला मऊ लागते आणि तरी पटाशी पुन:पुन्हा दगडावर न्यावी लागते, याचे कारण हेच. म्हणून मी मूळ उतार २५ अंशांचा ठेवला आणि धारेच्या टोकाला पाते किंचित उचलून पाच-सहा घासण्यांत ३० अंशांची एक केसाएवढी दुसरी पट्टी दिली. पुढच्या वेळी धार लावताना तेवढीच पट्टी घासावी लागते, आणि काम मिनिटा-दोन मिनिटांत आटोपते.

आता 'बर'विषयी. उतार घासत असताना एक क्षण असा येतो की धातू धारेच्या पलीकडे सरकून पाठीच्या बाजूला अगदी बारीक ओठासारखा वळतो. कारखान्यात त्याला बर म्हणत. तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. अंगठा पाठीवरून धारेच्या दिशेने, बाहेरच्या बाजूला ओढला की नखाला काहीतरी अडल्याचे जाणवते. हा ओठ धारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग लागत नाही तोवर उतार धारेपर्यंत पोचलेला नसतो, आणि तोवर बारीक दगडावर जाण्यात अर्थ नसतो. मला हे कळायला दोन आठवडे लागले. त्याआधी मी मोजून पन्नास वेळा घासत असे आणि संख्या पूर्ण झाली की थांबत असे, जणू तो व्यायाम होता. बर जाणवला की पाते उलटे करून पाठीवर निजवायचे आणि बारीक दगडावर दोन-चार हलके हात द्यायचे; बर उताराच्या बाजूला वळतो; मग उताराला दोन हात, पुन्हा पाठीला दोन. असे करता करता तो सुटून पडतो. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याचा एक तुकडा मी फळीवर उलटा चिकटवला आहे. त्यावर पाते मागच्या दिशेने वीसेक वेळा ओढले की राहिलेला अंशही जातो.

धार लागली की नाही हे पाहण्यासाठी बोट फिरवण्याची गरज नाही. खिडकीसमोर उभे राहून धार आपल्याकडे करावी आणि पाते हळूहळू कलते करावे. बोथट धारेवर उजेडाची पांढरी रेघ चमकते, कारण तिथे प्रकाश परतवायला थोडी का होईना रुंदी शिल्लक असते. तीक्ष्ण धारेला रुंदीच नसते, त्यामुळे ती काळी दिसते, किंवा खरे तर दिसतच नाही. माझ्या एक इंची पटाशीच्या डाव्या कोपऱ्यावर असा एक पांढरा ठिपका दोन दिवस राहिला होता. तो गेला त्या दिवशी मी खोक्याच्या मऊ देवदाराच्या तुकड्याचे टोक, म्हणजे लाकडाचे तंतू जिथे संपतात ती आडव्या रेषेची बाजू, हाताच्या दाबाने कापून पाहिली. लाकूड न चुरडता मेणासारखे गुळगुळीत कापले गेले.

करवतीचे काम मी केले नाही. तिचे दात काकांनीच तीनधारी कानशीने एका बैठकीत लावून दिले आणि मी त्यांना चहा करून दिला.

रंध्याच्या पात्याला तीच पाठ आणि तोच उतार, पण आणखी एक गोष्ट असते. पात्यावर जी दुसरी लोखंडी पट्टी स्क्रूने बसते, जिला टोपी म्हणतात, तिचे टोक पात्याच्या पाठीला इतके घट्ट टेकले पाहिजे की दोघांमधून उजेड दिसू नये. आमच्या रंध्यात ती फट होती. पहिल्यांदा फळीवर चालवला तेव्हा चार हातांतच सालपटे त्या फटीत घुसून रंधा तुंबला. टोपीचे टोक काचेवर घासून सरळ केले आणि ते धारेच्या मागे अर्ध्या मिलिमीटरवर बसवले. जाडे काप काढायचे असले तर मी ते एक मिलिमीटरपर्यंत मागे नेते. लाकडाची रेषा उलटी असली तर जितके पुढे आणता येईल तितके आणते, कारण सालपट लगेच वाकवले गेले की पुढचे लाकूड उचकटत नाही. रंध्याच्या तळाला मेणबत्ती घासली की तो अर्ध्या जोराने चालतो. हे मला कोणी आधी सांगितले असते तर माझे खांदे आठवडाभर दुखले नसते.

लाकूड मिळायला ठाण्यात अडचण नव्हती. जुन्या चाळी आणि वाडे पाडले जात असल्याने त्यांच्या चौकटींचे पक्के वाळलेले सागवान विकायला येते. कोलशेत रस्त्याच्या बाजूला एका वखारीत मला अडीच इंच चौरस तुळईचा तुकडा मिळाला. अशा लाकडात मोडलेले खिळे असतात. मी फ्रिजवरचे लोहचुंबक दोऱ्याला बांधून चारही बाजूंवरून फिरवले आणि दोन जागी ते ओढले गेले. तरी तिसरा खिळा मला सापडला तो रंध्यालाच. चार संध्याकाळी घासलेल्या धारेला ज्वारीच्या दाण्याएवढी खाच पडली. त्या रात्री मी लवकर झोपले.

पाय तयार करताना जी चूक झाली ती सांगितलीच पाहिजे, कारण ती पेटीतूनच आली होती. जुन्या पायाची उंची मी टेपने मोजली, बरोबर आठ इंच. नव्या लाकडावर खूण करताना मात्र अण्णांची पोलादी पट्टी हाताशी होती, तिच्यावरचे आठ इंच घेतले. पायाचा कुसू, म्हणजे खाचेत शिरणारी जीभ, छान बसला, चौरंग सरळ केला, आणि तो डुगडुगला. तीनदा मोजून पाहिले. टेप दोन मिलिमीटर जास्त दाखवत होता, पट्टी बरोबर आठ इंच. पट्टी काकांकडे नेली तेव्हा त्यांनी तिच्या कडेवरची पुसट अक्षरे दाखवली. ती पॅटर्नमेकरची पट्टी होती. वितळलेले ओतीव लोखंड थंड होताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच, म्हणजे साधारण एक टक्का, आकसते. म्हणून प्रतिकृती तेवढी मोठी करावी लागते, आणि दर वेळी हिशेब करत बसू नये यासाठी या पट्टीवरचे इंचच तेवढे ताणलेले असतात. तिच्यावरचा एक फूट प्रत्यक्षात १२ पूर्णांक एक अष्टमांश इंचांवर संपतो. "तुझा चौरंग लोखंडात ओतला असता तर बरोबर बसला असता," काका म्हणाले. जास्तीचे दोन मिलिमीटर मी रंध्याने उतरवले, पलीकडच्या कडेला फालतू लाकडाचा ठोकळा दाबून, नाहीतर आडव्या रेषेवर रंधा कडेपर्यंत गेला की तिथला काठ फुटतो.

इथवर जुलै उजाडला होता आणि पॉलिश भर पावसात करायची वेळ आली. जुना थर लाखेचा होता. स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा कोपऱ्यावर ठेवला तर तो चिकट झाला, यावरून ते ओळखता येते. लाख हा पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांचा स्राव. त्यापासून बनवलेले चपड्याचे पापुद्रे जांभळी नाक्याच्या बाजारात मिळतात. १२० ग्रॅम चपडा अर्ध्या लिटर स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत घातला, दिवसभर मधूनमधून हलवला आणि जुन्या मलमलच्या कापडातून गाळून घेतला. तयार केलेले द्रावण सहा महिन्यांपेक्षा जुने झाले की ते नीट वाळत नाही, म्हणून बरणीवर तारीख लिहिली. चौरंगाचा जुना थर स्पिरिटने पुसून काढला, २२० आणि मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर रेषेच्या दिशेने फिरवला, आणि कापसाचा गोळा सुती कापडात बांधून पुरचुंडी केली. ती द्रावणात बुडवून, पिळून, न थांबता फिरवायची. हात मध्येच टेकला तर तिथे डाग पडतो.

पहिले दोन हात सुंदर लागले. तिसरा लावला तेव्हा बाहेर सर सुरू होती, आणि पाहता पाहता चौरंगाच्या पाठीवर दुधी ढग उतरला. स्पिरिट भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर दवासारखी बसते आणि लाखेच्या थरात अडकते. ठाण्याच्या पावसाळी हवेत हे व्हायलाच हवे होते. मी घाबरून थर खरवडायला घेतला होता, तेवढ्यात काकांना फोन केला ते बरे झाले. "काही करू नकोस. उघाड मिळेल तेव्हा नुसत्या स्पिरिटची पुरचुंडी, जवळजवळ कोरडी, हलकेच फिरव." चार दिवसांनी दुपारी ऊन पडले. मी खोलीतला एसी कोरड्या हवेच्या बटणावर तासभर आधी लावला, चौरंग आत आणून त्या हवेत राहू दिला आणि सांगितल्याप्रमाणे पुरचुंडी फिरवली. ढग विरघळला. उरलेले पाच हात मी त्याच खोलीत, प्रत्येकामध्ये तासाचे अंतर ठेवून दिले. लाखेचा थर उष्णतेने मऊ होतो आणि पाणी साचून राहिले तर पांढरा पडतो, हे खरे आहे, आणि जेवणाच्या टेबलाला मी ती लावणार नाही. पण चौरंगावर वस्त्र असते आणि समई पाटावर असते, शिवाय पुढे कधी ओरखडा गेला तर नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, ही सोय बऱ्याच पॉलिशांना नसते.

पटाश्यांच्या मुठींना मात्र मी जवसाचे उकळलेले तेल दिले. कच्चे जवस तेल वाळायला आठवडे घेते. उकळलेले म्हणून जे मिळते त्यात लवकर वाळवणारी द्रव्ये असतात आणि ते दिवसा-दोन दिवसांत वाळते. तेल पुसलेले फडके मी चुरगाळून प्लास्टिकच्या बादलीत टाकले होते. तासाभराने सहज हात लागला तर ते कोमट होते. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि तसे वाळताना उष्णता सोडते. फडके चुरगाळलेले असले की ती उष्णता बाहेर पडत नाही आणि काही तासांत कापड आपोआप पेट घेऊ शकते. तेव्हापासून अशी फडकी मी बाल्कनीच्या गजावर एकेक करून पसरते, आणि पूर्ण कडक झाल्यावरच टाकते.

गणपतीच्या आठ दिवस आधी चौरंग तयार झाला. नव्या पायाचा रंग उरलेल्या तिघांपेक्षा अजून उजळ आहे. काकांच्या मते दोन-तीन वर्षांत तो जुळेल. हत्यारे तेलाचा हात देऊन जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांत गुंडाळली आहेत आणि पेटीत कापराची नवी पुडी ठेवली आहे. दीड इंची पटाशी मात्र अजून बाहेरच आहे. तिचा निळा कोपरा काढण्यासाठी सबंध धार तीन मिलिमीटर मागे न्यायची आहे, आणि चाकाला ती पुन्हा लावायची नसल्यामुळे मी ते काम अण्णांच्या दगडाच्या भरड बाजूवर रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे करते. काल मोजले तेव्हा दीड मिलिमीटर उरले होते.